भिंतीतल्या केबलला कनेक्टर स्वतः लावायचे आहेत : क्रिंपिंग कुठून सुरू करू?

गच्चीवरचा_वारा
कोथरूडला फ्लॅटचं काम चालू आहे. इलेक्ट्रिशियन भिंतीत पाइप टाकून देतोय, त्यातून कॅट-६ (नेटवर्कची) केबल ओढायची. राउटर हॉलमध्ये, दोन्ही बेडरूमना एकेक केबल आणि एक दाराबाहेरच्या कॅमेऱ्याला. सगळ्यात लांब तुकडा १८ मीटर. टोकं मीच करणार आहे, म्हणजे क्रिंपरने कनेक्टर दाबून बसवायचे. प्रश्न असे : क्रिंपर आणि कनेक्टर कोणते घ्यावेत? तारांच्या रंगांचे दोन ठरलेले क्रम आहेत, त्यातला ए की बी? तारा आरपार जाणारे कनेक्टर मिळतात, ते बरे का? आणि आठ दिव्यांच्या स्वस्त टेस्टरवर विश्वास ठेवावा का?
व्हिडिओ पाहून डोक्याचा भुगा झालाय, प्रत्येक जण वेगळंच सांगतो.

चिमटा
आधी खरेदीचं बोलू, कारण निम्मी टोकं तिथेच बिघडतात.

तापकीर गल्लीत (पुण्यातला इलेक्ट्रॉनिक्सचा बाजार) जाऊन 'आरजे-४५ द्या' (नेटच्या केबलच्या कनेक्टरचं नाव) म्हणालात की दुकानदार शंभरची पिशवी पुढे टाकेल. ती बहुतेक कॅट-५ई ची असते. कॅट-६ ची तार तिच्यात जातच नाही, किंवा कोंबून बसवावी लागते. कारण असं : कनेक्टरच्या तारांत घुसणाऱ्या आठ सोनेरी पट्ट्यांमधलं अंतर १.०२ मिमी. कॅट-५ई ची तार आवरणासकट साधारण ०.९ मिमी, म्हणून आठ तारा एका रांगेत शेजारी शेजारी मावतात. कॅट-६ ची तार १ मिमीच्या वर जाते, तेव्हा एका रांगेत मावणं शक्यच नाही. म्हणून कॅट-६ कनेक्टरमध्ये भोकं एक वर, एक खाली अशी असतात. पिशवीतला एक कनेक्टर उजेडाकडे धरून मागून बघा. भोकं एका रेषेत दिसली तर परत द्या.

दुसरं, पट्टीचे दात. भिंतीतली केबल म्हणजे एकसंध तांब्याची तार. पॅच कॉर्डमध्ये (दोन्हीकडे कनेक्टर लावून मिळणारी तयार केबल) बारीक तारांचा जुडगा असतो. जुडग्याच्या कनेक्टरला दोन दात, ते तारांच्या मधोमध घुसतात. एकसंध तारेत घुसायला जागाच नाही, दात तारेवर टेकून एका बाजूला घसरतात. एकसंध तारेच्या कनेक्टरला तीन दात असतात, एक इकडे, एक तिकडे, आणि तार मध्ये चिमटीत पकडली जाते. दोन्ही प्रकारांना चालणारेही मिळतात. दुकानात 'सॉलिड केबलसाठी' असं स्पष्ट सांगून घ्या. चुकीचा लावलात तर पहिल्या दिवशी चालेल, दोन पावसाळ्यांनी केबल हलवली की नेट जायला लागेल आणि दोष राउटरला मिळेल.

तिसरं, सोन्याचा मुलामा. चांगल्या कनेक्टरवर ५० मायक्रो-इंच म्हणजे सव्वा मायक्रॉनच्या आसपास असतो. स्वस्तातल्या मालावर नुसता रंग दाखवण्यापुरता.

क्रिंपर रॅचेटवाला घ्या, पूर्ण दाबल्याशिवाय उघडतच नाही असा. बिनरॅचेटच्या क्रिंपरमध्ये किती दाब दिला हे तुमच्या मनगटावर अवलंबून राहतं.

आठवी_तार
क्रमाबद्दल : बी. विद्युत दृष्टीने ए आणि बी मध्ये काडीचा फरक नाही, केशरी आणि हिरव्या जोडीची अदलाबदल एवढंच. पण आपल्याकडे ऑफिसांत, सोसायट्यांत बहुतेक बी च असतं. उद्या दुसऱ्या कुणी एक टोक बदललं तर तो बी च लावणार.

कनेक्टरची कळ (सॉकेटमध्ये अडकणारी क्लिप) खाली, सोनेरी पट्ट्या वर, केबल घालायचं तोंड आपल्याकडे. डावीकडून :
१ पांढरा-केशरी
२ केशरी
३ पांढरा-हिरवा
४ निळा
५ पांढरा-निळा
६ हिरवा
७ पांढरा-चॉकलेटी
८ चॉकलेटी

पाठ करायची गरज नाही. विषम जागांवर सगळ्या पांढऱ्या पट्ट्याच्या तारा, सम जागांवर भरीव रंग. हिरवी जोडी निळीला मध्ये घेऊन बसते आणि निळीत भरीव निळा आधी. एवढं लक्षात ठेवलं की पुरे.

हिरवी जोडी अशी फाकवलेली का, हा प्रश्न सगळ्यांना पडतो. हा टेलिफोनचा वारसा. मधल्या ४-५ वर पहिली लाइन, तिच्या दोन्ही बाजूंना ३-६ वर दुसरी.

गच्चीवरचा_वारा
धन्यवाद दोघांनाही. पण मग दोन्ही टोकांना एकच क्रम ठेवला तर कोणताही चालेल ना? म्हणजे केशरी, हिरवी, निळी, चॉकलेटी अशा जोड्या सरळ ओळीने लावल्या तर? लक्षात ठेवायला सोपं.

आठवी_तार
अजिबात नको! नवशिक्यांचा सगळ्यात फसवा सापळा हाच आहे, कारण टेस्टर त्याला पास करतो.

सरळ ओळीने लावलंत तर ३ वर पांढरा-हिरवा आणि ६ वर निळा येतो. नेटवर्क कार्ड ३ आणि ६ ला एक जोडी मानतं. एका जोडीच्या दोन तारांवर उलटसुलट सिग्नल जातो, आणि त्या एकमेकींभोवती पिळलेल्या असल्यामुळे बाहेरचा त्रास दोघींवर सारखाच पडून वजा होतो. इथे सिग्नलची एक तार हिरव्या जोडीत, दुसरी निळ्या जोडीत. पीळच जुळत नाही, सिग्नल शेजारच्या जोडीत सांडतो. टेस्टरला मात्र १ ला १, २ ला २ असं टोकाला टोक मिळतं, आठही दिवे रांगेने लागतात. दोन मीटरच्या तुकड्यावर कदाचित कळणारही नाही. १८ मीटरवर एक तर १०० एमबीपीएसवर घसरेल, नाहीतर लिंक एक हजारची दाखवून आत पॅकेट गळत राहतील.

चिमटा
+१. आता प्रत्यक्ष कृती. घाई असेल तरी पहिल्या दोन पायऱ्या गाळू नका.

बूट (कनेक्टरमागे बसणारी रबरी टोपी) वापरणार असाल तर तो आधी केबलमध्ये ओवा. नंतर जात नाही.

बाहेरचं आवरण ४-५ सेमी सोला. लागतं त्यापेक्षा जास्त मुद्दाम. पातं आवरणाच्या आरपार जाऊ द्यायचं नाही, हलकी गोल रेघ मारायची आणि केबल रेघेवर वाकवायची, आवरण आपोआप तडकतं. आत एक पांढरा दोरा असतो, बरेच जण तो आधी कापून टाकतात. तो धरून आवरण आणखी २-३ सेमी मागे फाडा आणि फाडलेलं आवरण कापून टाका. जिथे पातं लागलं होतं तो भाग आता उघड्या तारांवर आला, आणि तो शेवटी छाटला जाणार आहे. पात्याची खोच बसलेली तार कनेक्टरमध्ये जाताच कामा नये. एकसंध तार खोचेवरच तुटते, तीही नंतर कधीतरी.

कॅट-६ मध्ये मध्यभागी प्लास्टिकचा फुलीसारखा दांडा असतो. तो आवरणाच्या तोंडाशी सपाट कापा. मिलिमीटरभर राहिला तरी केबल आत पूर्ण जात नाही.

जोड्या उकला, तारा अंगठा आणि तर्जनीत धरून डावी-उजवीकडे हलवत ओढून सरळ करा. पिळाचा कुरळेपणा राहिला तर आत ढकलताना तारा एकमेकींवर चढतात. क्रमाने लावून पंख्यासारख्या नाही तर पट्टीसारख्या सपाट, चिकटून धरा. चिमूट सोडायची नाही.

आवरणापासून १३ मिमीवर एका फटक्यात काटकोनात कापा. १३ मिमी म्हणजे अर्धा इंच, पीळ उघडा ठेवायची कमाल मर्यादा. तिरकं कापलं तर आठवी तार पट्टीपर्यंत पोहोचत नाही. चॉकलेटी जोडी मरते ती बहुतेक अशीच.

आत ढकला. समोरून, म्हणजे कनेक्टरच्या नाकाकडून, तांब्याचे आठही ठिपके दिसायला हवेत. आणि मागून आवरण कनेक्टरच्या आत किमान ६ मिमी गेलेलं हवं, दाबल्यावर खालची प्लास्टिकची पाचर आवरणावर बसली पाहिजे. पाचर नुसत्या तारांवर बसली असेल तर कापून परत करा. नाहीतर केबलचा सगळा ताण तारा आणि पट्ट्यांच्या आठ जोडांवर येतो.

मग दाबा, रॅचेट सुटेपर्यंत.

ताणकाटा
दाबल्यावर तपासायची एक गोष्ट कुणी सांगत नाही. सोनेरी पट्ट्यांचे माथे प्लास्टिकच्या कंगोऱ्यांच्या खाली, सगळे एका पातळीत दिसले पाहिजेत. व्हर्नियर असेल तर कनेक्टरच्या खालच्या पृष्ठभागापासून (कळ नव्हे) पट्टीच्या माथ्यापर्यंत ५.८९ ते ६.१५ मिमी. जास्त भरलं तर दाब कमी पडला. असा कनेक्टर राउटरमध्ये खुपसला की सॉकेटच्या नाजूक तारा कायमच्या वाकतात, आणि त्या पोर्टमध्ये नंतर चांगला कनेक्टरही ढिला बसतो. चिल्लर किमतीच्या वस्तूपायी राउटरचा पोर्ट घालवू नका. मधल्या पट्ट्या खाली आणि कडेच्या वर असतील तर क्रिंपरचा जबडाच वाकला आहे, तो बदला.

बाजीराव_रोडवरून
आरपार कनेक्टरबद्दल माझं मत वेगळं पडेल. शिकणाऱ्याला तेच बरे. तारा नाकातून दोन इंच बाहेर येतात, क्रम डोळ्यांनी दिसतो, आवरण आत खेचून घेता येतं आणि पीळ अगदी पट्टीपर्यंत ठेवता येतो. वाया जाणाऱ्या कनेक्टरांचं प्रमाण एकदम खाली येतं.

चिमटा
बसवायला सोपे, वादच नाही. पण नाकाशी तांब्याची आठ टोकं उघडी राहतात. क्रिंपरचं पातं बोथट झालं की ती टोकं सपाट कापली न जाता शेजारच्या तारेकडे ओढली जातात. कॅमेऱ्याच्या केबलमधून वीजही जाते, तिथे हे नको. शिवाय साध्या क्रिंपरने ती टोकं कापली जात नाहीत, आरपारवाला क्रिंपरच लागतो, आणि एका कंपनीचा कनेक्टर दुसऱ्या कंपनीच्या क्रिंपरमध्ये नीट बसेलच असं नाही.

मधला मार्ग आहे : भोकांची छोटी प्लास्टिकची पट्टी वेगळी येणारे कनेक्टर. आठ तारा आधी त्या पट्टीच्या भोकांतून ओवायच्या, पट्टी आवरणापर्यंत सरकवायची, बाहेरचं कापायचं आणि पट्टीसकट आत ढकलायचं. क्रमही दिसतो, टोकंही बंद.

बाजीराव_रोडवरून
पट्टीवाले मान्य. पण पातं बदलता येतं हो, ते सुटं मिळतं. बोथट पात्याचा दोष कनेक्टरच्या माथी कशाला?

शनिवारपेठी
मुळातच एक प्रश्न : बेडरूमच्या टोकांना प्लग (म्हणजे हे दाबायचे कनेक्टर) हवेतच कशाला? भिंतीतली केबल भिंतीतच संपवा. फेसप्लेट (भिंतीवरची झाकणपट्टी) आणि तिच्यात बसणारा कीस्टोन जॅक (केबलचं सॉकेट) लावा, पुढे तयार पॅच कॉर्ड. एकसंध तारेला रोज वाकवणं सोसत नाही, लॅपटॉपला खुपसून काढून सहा महिन्यांत ती प्लगच्या मागेच तुटते. जॅक चुकला तर उपसून परत ठोकता येतो, प्लग एकदा दाबला की गेला.

कीस्टोनवर रंग छापलेले असतात, ए आणि बी दोन्ही. कंपनीगणिक खाचांची जागा वेगळी, म्हणून छापलेलं बघूनच तारा बसवा, आठवणीवर नको. पंचिंग टूलचं (जॅकच्या खाचांत तारा ठोकायच्या हत्याराचं) कापणारं तोंड बाहेरच्या बाजूला ठेवायचं. उलटं धरलं तर टूल 'खट्' वाजतं आणि आतली, म्हणजे कामाची तार कापली जाते. स्क्रू-ड्रायव्हरने ठोकायचा मोह आवरा, खाच फाकते आणि पकड जाते. पीळ इथेही १३ मिमीपेक्षा जास्त उघडायचा नाही.

गच्चीवरचा_वारा
हे पटलं. मग प्लग फक्त कॅमेऱ्याच्या टोकाला आणि हॉलमध्ये?

शनिवारपेठी
हॉलमध्येही जॅकच, राउटरमागे तीन खाचांची फेसप्लेट. प्लग एकच, कॅमेऱ्याचा. तो एकदा लावला की कुणी हात लावत नाही, म्हणून तिथे थेट प्लग चालतो. भिंतीतल्या खोक्यात मात्र २०-३० सेमी केबल गुंडाळून ठेवा. गुंडाळी मोठी घ्या, केबलच्या जाडीच्या चौपटीपेक्षा लहान वळण नको. कॅट-६ साठी साधारण २५ मिमी त्रिज्या.

वळीव
केबलबद्दल कुणीच बोललं नाही, म्हणून लिहितो. बाजारात तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची केबल भरपूर आहे, खोक्यावर मोठ्या अक्षरांत कॅट-६ लिहिलेली. आवरणावर बारीक छपाईत 'सीसीए' असेल तर तीच. छपाईवर विसंबू नका, तार ब्लेडने खरवडा. वरून तांबूस आणि आत चंदेरी म्हणजे ॲल्युमिनियम. (वरून चंदेरी आणि आत तांबूस असेल तर ते कल्हई केलेलं तांबं, ते चालतं.)

पूर्ण ३०५ मीटरचं खोकं घेत असाल तर मल्टिमीटरने पक्कं कळतं. केबलची दोन्ही टोकं बाहेर काढा, एका टोकाला निळ्या जोडीच्या दोन तारा एकमेकींना पिळा, दुसऱ्या टोकाला त्याच जोडीचा रोध मोजा. शुद्ध तांबं, २३ गेज (तारेच्या जाडीचं माप) असेल तर ४० ओहमच्या थोडं वर, २४ गेज असेल तर ५०-५५. ॲल्युमिनियमवाली असेल तर याच्या दीडपटीहून जास्त.

क्रिंपिंगशी याचा संबंध थेट आहे. ॲल्युमिनियम दाबाखाली हळूहळू सरकतं, दातांची पकड ढिली पडते, हवा लागली की वर ऑक्साइडचा थर चढतो. तुम्ही कितीही सफाईने दाबा, टोक टिकत नाही. कॅमेऱ्याला वीज द्यायची तर व्होल्टेजही जास्त पडतं.

चिमटा
अगदी. त्यात भर : आपल्या कॅमेऱ्याला सहसा ८०२.३एएफ (नेटच्या केबलमधूनच वीज देण्याचं मानक) पुरतं, नेटवर्क स्विचकडून १५.४ वॅट, कॅमेऱ्यापाशी १२.९५ धरलेले. १८ मीटर तांब्यावर हे चुटकीसरशी होतं. मात्र केबल काढताना आधी वीज बंद करा. चालू विजेत प्लग उपसला की पट्टीच्या टोकाला ठिणगी पडते आणि मुलामा जळतो.

गच्चीवरचा_वारा
केबल मीटरवर घेणार आहे, खोकं नाही. ब्लेडचं लक्षात ठेवतो. टेस्टरचं राहिलं.

आठवी_तार
आठ दिव्यांचा घ्याच, पण तो काय सांगतो तेवढंच ऐका. तार तुटली का, दोन तारा चिकटल्या का, अदलाबदल झाली का, बस. जोडी फुटली आहे का (वर सांगितलं तसं ३-६ वर दोन वेगळ्या जोड्यांच्या तारा), पीळ किती उघडला, हे त्याला कळत नाही. दूरच्या टोकाचे दिवे बघा, जवळचे नव्हे, जवळचे बहुतेक वेळा आपले आपण पळतात.

खरी परीक्षा प्रत्यक्ष लिंकवर. दोन्ही बाजूंना गिगाबिट पोर्ट असलेली यंत्रं जोडा. विंडोजमध्ये अडॅप्टरच्या स्टेटसमध्ये १.० जीबीपीएस दिसलं पाहिजे, लिनक्सवर इथटूल कमांडमध्ये स्पीडसमोर १०००. मग आयपर्फ-३ (दोन यंत्रांमधला वेग मोजणारा प्रोग्राम) दहा मिनिटं दोन्ही दिशांनी चालवा. निकाल ९४० एमबीपीएसच्या आसपास स्थिर हवा, आणि नंतर कार्डाच्या सीआरसी चुकांचा (वाटेत बिघडलेल्या डेटाचा) आकडा शून्य. तो वाढत असेल तर दिवे काही म्हणोत, टोक कापून परत करा.

लक्षणांवरून दोष असा ओळखा. स्पीड टेस्टमध्ये कायम ९४ च्या आसपास अडकतं : लिंक १०० ची झाली आहे, म्हणजे ४-५ किंवा ७-८ गेली, निळी नाहीतर चॉकलेटी जोडी. (प्लॅन ३०० चा असून ९४ मिळतं म्हणून तक्रार करणाऱ्यांनी आधी हेच बघावं. काही ठिकाणी लावणारा माणूस चारच तारा जोडून जातो.) लिंकचा दिवाच लागत नाही : १-२ किंवा ३-६. हात लावला की जातं-येतं : पाचर आवरणावर नाही, किंवा दातांचा प्रकार चुकला.

ताणकाटा
केबल ओढण्याबद्दल दोन गोष्टी. जास्तीत जास्त ११० न्यूटन, म्हणजे अकरा किलोच्या वजनाएवढाच ताण. इलेक्ट्रिशियनची दोन माणसं मिळून खेचतात तेव्हा तो सहज ओलांडला जातो, आणि आतला पीळ लांबतो. दुसरं, विजेच्या तारा आणि ही केबल एका पाइपात घालू देऊ नका, तो 'जागा आहे की' म्हणेल तरीही. यात सिग्नलपेक्षा जिवाचा प्रश्न आहे.

आवरणावर दर मीटरला आकडा छापलेला असतो. ओढण्याआधी आणि नंतर दोन्ही टोकांचे आकडे लिहून ठेवले की लांबी कळते, आणि पाइपातली कुठली केबल कुठली हेही.

वळीव
कॅमेरा दाराबाहेर म्हणजे पॅसेजमध्ये ना? तर ठीक. गच्चीवर नेणार असाल तर काळ्या आवरणाची बाहेरची केबल लागते, साधी राखाडी पुण्याच्या उन्हात तडकते. आणि एका इमारतीतून दुसऱ्या इमारतीत तांब्याची केबल नेऊ नका. एप्रिल-मेमधल्या वळवाच्या विजांना दोन इमारतींच्या अर्थिंगमधला फरक पुरतो, दोन्हीकडचे पोर्ट एकदम जातात. तिथे फायबर.

गच्चीवरचा_वारा
पॅसेजमध्येच आहे. यादी केली : तीन-दातांचे, पट्टीवाले कॅट-६ प्लग २०, कीस्टोन ५, पंचिंग टूल, रॅचेट क्रिंपर, टेस्टर, सरावाला २ मीटर केबल जास्त. शेवटचा प्रश्न, दाब कमी पडलेला प्लग परत क्रिंपरमध्ये घालून दाबला तर चालतो का?

चिमटा
तार पूर्ण आत असेल आणि नुसत्या पट्ट्या वर राहिल्या असतील तर हो, परत दाबा, मग व्हर्नियर लावा. तार आखूड पडली असेल तर दहा वेळा दाबून उपयोग नाही, कापा. म्हणून तर कॅमेऱ्याच्या टोकालाही वीतभर केबल जास्त ठेवायची.

आणि वीस कनेक्टरांतले पहिले पाच-सहा सरावाच्या तुकड्यावर लावून पक्कडीने फोडून बघा. तार कुठपर्यंत गेली, दात कुठे बसले, हे उघडल्यावरच कळतं.